स्कॅनर घेण्याआधी रॅकला पत्ते द्या

भिवंडीतलं गोदाम असो की चाकणचं, आधी प्रत्येक जागेला पत्ता हवा: गल्ली, खण, लेव्हल, जागा. उदा. ०३-१२-ब-२. वरच्या लेव्हलची लेबलं खालच्या बीमवरच (रॅकच्या आडव्या पट्टीवर), बाण काढून लावा. लेबल थर्मल ट्रान्सफरचं, म्हणजे रेझिन रिबनवरची शाई उष्णतेने उतरवून छापलेलं घ्या. स्वस्तातलं डायरेक्ट थर्मल (उष्णतेने काळा पडणारा कागद) पत्र्याच्या शेडमधल्या उन्हाळ्यात टिकत नाही. लेबलवरच्या कोड १२८ प्रकारच्या बारकोडच्या दोन्ही बाजूंना सर्वांत बारीक रेघेच्या किमान १० पट कोरी जागा सोडा. ती कापली गेली, की स्कॅनर नुसता लाल उजेड टाकत बसतो. चिकटवण्याआधी बीम स्पिरिटने पुसा, धुळीवर गोंद धरत नाही. कन्व्हेयर, रोबो नंतर बघू! आधी रोज एक गल्ली मोजून सिस्टिममधला साठा जुळवा.