राखणीची बंदूक रस्त्यावरून नेताना

बेळगाव जिल्ह्यातल्या जांबोटी, कणकुंबी, लोंढ्याकडच्या गावांत पीक राखायला परवान्याची बंदूक बाळगणारा शेतकरी कुणाला नवखा नाही. शिवाराच्या वाटेवर ती दिसली तर "डुकरं आली वाटतं" एवढंच लोक म्हणतात. तीच बंदूक बाजारात उघडी दिसली की माणसं बाजूला सरतात, कुणीतरी ११२ ला फोन लावतो. परवाना खिशात आहे हे बघणाऱ्याला कसं कळणार?

म्हणून घरातून निघण्याआधी बंदूक रिकामी करा. दुनळी असेल तर बिजागरीपाशी वाकवून (मोडून) उघडा आणि नळीतून उजेडाकडे बघा. पलीकडचं आभाळ गोल दिसलं पाहिजे. ठासणीच्या, म्हणजे तोंडाकडून दारू ठासून भरायच्या बंदुकीत हे चालत नाही, कारण नळी मागून बंद असते. तिची केप (ठिणगी देणारी छोटी टोपी) काढा, नळी चेहऱ्यापासून दूर ठेवून गज (बार ठासायची सळई) तळापर्यंत सोडा. बंदूक रिकामी असल्याची खात्री असताना नळीच्या तोंडाशी गजावर खूण करून ठेवलेली असावी. आज ती खूण चार बोटं वर राहिली, तर आत बार ठासलेला आहे. ठासणीचे अपघात बहुतेक इथंच होतात: रात्री बार उडालाच नाही, आणि सकाळी घरात कुणाच्या ध्यानात नाही.

२०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे सार्वजनिक जागी बंदूक पूर्ण झाकलेली आणि तुमच्या ताब्यात हवी. गोणपाटात गुंडाळली तर दस्ता बाहेर डोकावतो. चेनचं लांब कव्हर घ्या. काडतुसं वेगळ्या पिशवीत. मूळ परवाना सोबत ठेवा, मोबाइलमधल्या फोटोवर विसंबू नका. चहाला थांबलात तर बंदूक गाडीला अडकवून जायचं नाही.

परवान्यावरचं 'क्षेत्र' वाचा. ते कर्नाटकापुरतं असेल तर हद्दीवरच्या बाचीच्या पुढे महाराष्ट्रातल्या शिनोळीत पाऊल टाकलं की तुम्ही विनापरवाना. शेत पलीकडे चंदगड तालुक्यात असलं तरी सबब चालत नाही. आणि परवाना म्हणजे शिकारीची मुभा नव्हे. गवा तर वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे.

कोडगू (कूर्ग) जिल्ह्याचं उदाहरण बरेच जण देतात. तिथल्या कोडवा समाजाला परवान्यातून खास सूट आहे, ती आपल्याला लागू नाही. खंडेनवमीची पूजा घरातच करा. वरातीत किंवा जत्रेत कुणाच्या जिवाला धोका होईल असा बार काढला, तर २०१९ च्या दुरुस्तीनुसार दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

निवडणूक लागली की बंदूक ठाण्यात जमा करण्याची नोटीस येते. देण्याआधी नळीला आतून-बाहेरून तेल द्या; दोन महिने कापडात पडून राहिली की ओल धरते. पावती कानडीत मिळते. वाचता येत नसेल तर वाचणारा सोबत न्या, आणि सहीआधी बंदुकीवर कोरलेला नंबर पावतीशी अंकाअंकाने जुळवा. एक आकडा चुकला की परत घेताना फेऱ्या सुरू. काडतुसांची संख्याही लिहून घ्या. दरम्यान परवान्याची पाच वर्षांची मुदत संपत असेल तर नूतनीकरणाचा अर्ज वेळेतच द्या. बंदूक ठाण्यात आहे म्हणून मुदत थांबत नाही.

निकालानंतर साधारण आठवड्याने बंदूक परत मिळते. नंबर बघा, आणि घरी आणल्यावर गज पुन्हा एकदा खुणेपर्यंत जातो का बघा.