इंग्रजीचे काळ : मराठी कुठे अडवते, कन्नड कुठे सोडवते

नियमित इंग्रजी क्रियापदाचे आकार चारच: वर्क, वर्क्स, वर्क्ड, वर्किंग. आपल्या ‘करणे’ची करतो, करते, करतोस, करतात, केला, केली, केलं अशी रांग लागते, त्यापुढे हे काम तासाभराचं. तरी बेळगाव-खानापूर-निपाणीकडची मुलं मुलाखतीत अडखळतात, कारण आधी मराठी वाक्य जुळवून मग त्याला शब्दाला शब्द लावत बसतात. आपल्या भागात यावर एक उपाय घरातच आहे. मराठी फसवते तिथल्या दोन ठिकाणी तरी कन्नड वाक्य इंग्रजीच्याच वाटेनं जातं.

आधी आकार. ही, शी, इट किंवा एकाच माणसाचं नाव असेल तर वर्क्स. आय, यू, वी, दे असेल तर नुसतं वर्क. पुरुष-बाई हा भेद क्रियापदात नाही. आपल्याकडे बायकाही ‘मी येतो’ म्हणूनच निघतात, त्यामुळे हे जड जाऊ नये. शेवटी स, श, च असा आवाज असेल तर वॉशेस, वॉचेस.

भूतकाळासाठी ई-डी जोडायचं. स्पेलिंगमध्ये तीन ठिकाणी घोळ होतो. लिव्हसारख्या शब्दात शेवटी ई आधीच असतो, तिथे फक्त डी. ट्रायसारखा वाय व्यंजनानंतर आला की त्याचा आय होतो. प्लेमध्ये वायच्या आधी स्वर आहे, म्हणून तो तसाच राहतो. आणि स्टॉप, प्लॅन अशा एका झटक्यात बोलायच्या शब्दात शेवटी एकच स्वर आणि एकच व्यंजन असेल तर सहसा व्यंजन दुप्पट. वेटमध्ये स्वराची अक्षरं दोन, हेल्पमध्ये शेवटची व्यंजनं दोन, म्हणून तिथे दुप्पट नाही. लांब शब्दात जोर कुठे पडतो ते बघा: अ‍ॅडमिटमध्ये जोर शेवटी, तिथे टी दोनदा; व्हिजिटमध्ये सुरुवातीला, तिथे एकदाच.

उच्चाराकडे मात्र शाळेत फारसं कुणी बघत नाही, आणि ‘वॉशेड’, ‘आस्केड’ जिभेवर कायमचं बसतं. ई-डीचे उच्चार तीन आहेत. गळ्यावर बोट ठेवा आणि मूळ क्रियापदाचा शेवटचा आवाज काढा. क, प, फ, स, श, च काढताना गळा थरथरत नाही, तिथे ‘ट’ ऐकू येतो: वर्क्ट, स्टॉप्ट, वॉश्ट. ल, न, व किंवा स्वरावर गळा थरथरतो, तिथे ‘ड’: कॉल्ड, लिव्ह्ड, प्लेड. शेवट आधीच ट किंवा डचा असेल तरच वेगळा ‘इड’ येतो: वेटिड, नीडिड. निकष आवाजाचा आहे, अक्षराचा नाही. लाइकच्या स्पेलिंगमध्ये शेवटी ई असला तरी आवाज ‘क’चा, म्हणून लाइक्ट.

आता नकार. ‘मी काम केलं नाही’ यात भूतकाळ ‘केलं’मध्ये आहे, म्हणून आपला माणूस ‘आय डिड नॉट वर्क्ड’ म्हणतो. कन्नडमध्ये बघा: ‘माडिदे’ म्हणजे केलं, पण नकारात ‘माडिदे’ टिकत नाही, ‘माडलिल्ल’ होतं. नानु (मी) माडलिल्ल, अवनु (तो) माडलिल्ल, अवळु (ती) माडलिल्ल. कर्ता कुणीही असो, रूप तेच. इंग्रजीतही डिडनं भूतकाळ उचलला की क्रियापद मूळ रूपात परत जातं: आय डिड नॉट वर्क. प्रश्नातही तेच, डिड यू वर्क? डजलाही हाच नियम: ही डज नॉट वर्क. ‘एस’ डजनं घेतला, तो दोनदा लागत नाही.

दुसरं ठिकाण ‘हॅव’चं. निपाणीची बस काल आलीच नाही आणि आज अजून आलेली नाही, या दोन वाक्यांत कन्नड काटेकोर आहे: काल ‘बरलिल्ल’, आज अजून ‘बंदिल्ल’. पहिल्याला डिडन्ट, दुसऱ्याला हॅजन्ट. द बस डिडन्ट अराइव्ह यस्टरडे. द बस हॅजन्ट अराइव्ड येट. यस्टरडे, लास्ट वीक, इन २०१९ असा संपलेला वेळ वाक्यात आला की हॅव-हॅज चालत नाही.

‘हॅड’ची सवय तर खास मराठीची. ‘काल मी काम केलं होतं’ हे आपल्याला सरळ वाटतं, म्हणून ‘आय हॅड वर्क्ड यस्टरडे’. इंग्रजीत एकटी घटना असेल तर साधं वर्क्ड पुरे. भूतकाळातल्या दोन गोष्टींपैकी आधीची कोणती ते दाखवायचं असेल तेव्हा हॅड: व्हेन आय रीच्ड द स्टँड, द बस हॅड डिपार्टेड.

‘मी २०१९ पासून उद्यमबागेत काम करतो’ यातला ‘करतो’ बघून ‘आय वर्क फ्रॉम २०१९’ म्हणू नका. तेव्हा सुरू होऊन आजही चालू आहे, म्हणून आय हॅव वर्क्ड किंवा आय हॅव बीन वर्किंग. सुरुवातीचा क्षण सांगायचा तर सिन्स, एकूण मुदत सांगायची तर फॉर: सिन्स २०१९, फॉर मेनी इयर्स.

‘आहे’ दिसला की आयएनजी लावायची खोडही आवरा. ‘हवं आहे’ म्हणजे आय वाँट. नीड, लाइक, बिलाँग यांनाही ‘आय अ‍ॅम नीडिंग’सारखं रूप सहसा नको. आयएनजी लावायचं ते आता, या क्षणी चाललेल्या कामाला: आय अ‍ॅम वर्किंग.

भविष्यात मात्र कन्नडही साथ सोडते. ‘रोज फोन करतो’ आणि ‘उद्या फोन करतो’ यात मराठी रूप एकच. ‘दिना माडतीनि’, ‘नाळे माडतीनि’ यातही एकच. म्हणून दोन्ही भाषा येणारा माणूसही साहेबाला ‘आय कॉल यू टुमारो’ म्हणून मोकळा होतो. मराठीत ‘करतो’ म्हणालात की आधी ‘रोज की उद्या?’ असं स्वतःला विचारा. रोज असेल तर आय कॉल, उद्या असेल तर आय विल कॉल.