मुलांना घरी ईस्टर शिकवताना या चुका टाळा

बऱ्याच घरांत ईस्टर रविवारी सकाळी, चर्चला निघायच्या गडबडीत उरकला जातो. "येशू मरण पावला आणि तिसऱ्या दिवशी उठला" हे वाक्य मुलांना पाठ असतं, पण मरण आणि उठणं एका दमात सांगितलं की ते मरण मुलांना खरंच वाटत नाही. मग पुनरुत्थानाचं नवल तरी कशाचं वाटणार? गुरुवार, शुक्रवार, शनिवार, रविवार या क्रमाने आणि मधे थांबत थांबत सांगितलं, तर सहा वर्षांच्या मुलालाही ते पुरेसं कळतं. शाळांच्या वार्षिक परीक्षा याच सुमारास येतात (२०२७ मध्ये ईस्टर २८ मार्चला आहे), म्हणून रोज रात्री जेवणाआधीची दहा मिनिटं ठरवून टाका. रविवारी सलग तासभर बसवण्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त होतो.

गुरुवारी मुलांना आईवडिलांचे पाय धुवायला लावणे

ही चूक फार सहज होते. कित्येक शाळांत मुलं आईवडिलांचं पाद्यपूजन करतात, त्यामुळे घरीही तसंच करावंसं वाटतं. मुलं मनापासून करतात, पण शिकतात काय? मोठ्यांचा मान ठेवावा, एवढंच. बायबलमध्ये योहानाच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात घडतं ते उलट आहे. गुरू उठतो, कमरेला रुमाल बांधतो आणि शिष्यांचे पाय धुतो. पेत्राला ते इतकं अवघड वाटतं की तो आधी नाहीच म्हणतो.

म्हणून घरातल्या सर्वांत मोठ्याने सर्वांत लहानापासून सुरुवात करावी. परात, तांब्याभर कोमट पाणी आणि पंचा, एवढंच लागतं. मोठ्यांनी खाली जमिनीवर बसायचं, मुलाला खुर्चीवर बसवायचं. आजोबा खाली बसले की मुलं ओशाळतात, हसतात, पाय मागे घेतात. तिथेच सांगा, "पेत्रालाही असंच वाटलं होतं." नंतर भावंडांनी एकमेकांचे पाय धुवावेत, त्या दिवशी भांडण झालेलं असेल तर आधी त्या दोघांनी.

शुक्रवारी खूप दाखवणे किंवा काहीच न सांगणे

लहान मुलांना फटक्यांची आणि रक्ताची दृश्यं असलेला चित्रपट दाखवू नका. त्यांच्या लक्षात फक्त रक्त राहतं आणि रात्री झोप उडते. पाच वर्षांपर्यंत तीन वाक्यं पुरतात: लोकांनी येशूला ठार मारलं, त्याची आई जवळ उभी होती, मित्रांनी त्याला थडग्यात ठेवलं. सहा ते नऊ वर्षांच्या मुलांना पेत्राचं नाकारणं, रोमी सुभेदार पिलातापुढची चौकशी आणि क्रूस हे सगळं सांगता येतं. दहाच्या पुढच्या मुलांसोबत मार्काचा पंधरावा अध्याय सरळ वाचा.

"तू खोटं बोललास म्हणून येशूला मरावं लागलं," असं कोणत्याही वयाच्या मुलाला म्हणू नका. येशू सगळ्यांच्या पापांसाठी मेला ही आपली श्रद्धा आहे, पण सात वर्षांचं मूल त्यातून आपण खून केला एवढाच अर्थ काढतं. योहानाच्या दहाव्या अध्यायात येशू स्वतः म्हणतो, की आपला प्राण कोणी हिरावून घेत नाही, तो आपण होऊन देतो. सुरुवात या वाक्यापासून करा. "देवाने स्वतःच्या मुलाला का मारलं?" असं मुलाने विचारलं, तर माणसांनी मारलं आणि देवाने उठवलं, हा क्रम त्याला स्पष्ट सांगा.

आणखी एक गोष्ट काळजीपूर्वक सांगायला हवी. "यहुद्यांनी येशूला मारलं" हे वाक्य घरात सर्रास बोललं जातं. क्रुसावर चढवणं ही रोमी शिक्षा होती आणि हुकूम पिलाताचा होता. येशू, मरीया, पेत्र, योहान हे सगळे यहुदीच होते. १९६५ मध्ये कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने स्पष्ट म्हटलं, की येशूच्या मरणाचा दोष तेव्हाच्या सरसकट सगळ्या यहुद्यांवर किंवा आजच्या यहुद्यांवर टाकता येत नाही. आपल्या कोकणात बेने इस्रायली हे यहुदी लोक पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलत राहिले. शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून त्यांना शनिवार तेली म्हणत. मुलांना हे सांगितलं की शब्बाथ म्हणजे काय (शनिवारचा, काम न करण्याचा विसाव्याचा दिवस), हेही कळतं आणि थडग्याकडे जायला बायकांना रविवार का उजाडावा लागला, तेही.

"शुक्रवार ते रविवार तीन दिवस कसे?" हा प्रश्न हमखास येतो. यहुदी दिवस सूर्यास्ताला बदलतो आणि दिवसाचा थोडा भागही एक दिवस धरला जातो. शुक्रवारची दुपार, सबंध शनिवार आणि रविवारची पहाट असे तीन दिवस बोटांवर मोजून दाखवा.

थडग्याच्या देखाव्याची जादू करणे

ट्रेमध्ये बाग आणि थडगं करणं हा फार चांगला उपक्रम आहे. झावळ्यांच्या रविवारच्या (ईस्टरच्या आधीच्या रविवारच्या) आदल्या रात्री अर्धी वाटी गहू भिजत घाला. आठ-दहा तासांनी निथळून, साधारण ३० × ४० सेंमीच्या, तळाला भोकं असलेल्या ट्रेमध्ये चार-पाच सेंमी मातीवर पसरा आणि वरून मातीचा पातळ थर द्या. मोड दिसेपर्यंत ओलं सुती कापड झाका. दुपारचं ऊन लागू देऊ नका, सकाळ-संध्याकाळ फक्त पाणी शिंपडा. आंबूस वास आला तर पाणी तळाला साचलंय असं समजा. मुळांपाशी पांढरी लव दिसली की लोक बुरशी समजून सगळं फेकून देतात. पाणी शिंपडल्यावर ती दिसेनाशी झाली तर ती मुळांचीच केसं असतात, बुरशी नव्हे. बुधवारपर्यंत काहीच उगवलं नाही तर भिजवलेले मूग पेरा, ते लवकर वर येतात. गव्हाचा दाणा जमिनीत पडून मेला नाही तर एकटाच राहतो, हे येशूचं बोलणं (योहान १२) पेरतानाच वाचा.

थडग्यासाठी एक बोळकं आडवं पुरा आणि त्याच्या तोंडावर चपटा दगड लावा. आत पांढऱ्या कापडाची घडी ठेवा, येशूची बाहुली ठेवू नका. रात्री बाहुली गुपचूप काढून घेतली आणि पुढे ती कपाटात सापडली, की मुलाला सगळीच गोष्ट फसवणूक वाटते. हे आपण आठवण म्हणून मांडतो, असं आधीच उघड सांगा. शनिवारी काहीही करायचं नाही, प्रश्न आले तर "शिष्यही वाटच बघत होते" एवढं म्हणा. मुलाने मधेच दगड उघडला तरी रागावू नका, त्यालाच परत लावू द्या. रविवारी योहानाचा विसावा अध्याय वाचल्यावर दगड मुलानेच सरकवावा. उठलेला येशू सगळ्यांत आधी मग्दालीया मरीयेला भेटला, हे मुलींना आणि मुलांना आवर्जून सांगा.

पुनरुत्थान म्हणजे पुनर्जन्म किंवा भूत, असा समज राहू देणे

मुलं शाळेत, मालिकांत पुनर्जन्माच्या गोष्टी ऐकतात आणि येशूचंही तसंच झालं असं धरून चालतात. येशू दुसऱ्या कुणाच्या पोटी जन्मला नाही, तोच उठला, हातापायांवरच्या जखमांसकट. लूकच्या चोविसाव्या अध्यायात शिष्यांनाही तो भूत वाटतो, तेव्हा तो खायला मागतो आणि त्यांच्यासमोर भाजलेल्या माशाचा तुकडा खातो. वसईपासून मालवणपर्यंतच्या मुलांना हा प्रसंग लगेच पटतो. रविवारच्या जेवणात मासा करा आणि तो वाढताना ही गोष्ट सांगा. येशूने मेलेल्यांतून उठवलेला लाजर मात्र पुन्हा मरणार होता, येशू पुन्हा मरत नाही, हा फरक मोठ्या मुलांना समजावून द्या.

अंड्यांना विरोध करायची गरज नाही. मध्ययुगीन युरोपात उपवासकाळात अंडी वर्ज्य असत, म्हणून सणाला ती आनंदाने खात. बेकरीतलं मार्झिपानचं अंडं दगड सरकवल्यानंतर द्या, आधी नको.

रविवारी रात्री सगळं आवरून टाकणे

पुनरुत्थानकाळ पेंटेकॉस्टपर्यंत, म्हणजे शिष्यांवर पवित्र आत्मा उतरल्याच्या सणापर्यंत, पन्नास दिवस चालतो. त्यासाठी घरी एक जाड मेणबत्ती करा: मधे क्रूस, वर अल्फा, खाली ओमेगा (ग्रीक लिपीतलं पहिलं आणि शेवटचं अक्षर), चार कोनांत सालाचे चार आकडे आणि पाच जखमांसाठी पाच लवंगा. लवंग नुसती दाबली तर मेण तडकतं, म्हणून मोठ्यांनी दाभण गरम करून आधी भोकं पाडावीत, वातीपासून किमान पाच सेंमी खाली, नाहीतर लवंग पेट घेते. रात्रीच्या जेवणाला ती लावा आणि पुढचे पाठ तिच्याजवळ वाचा: दुसऱ्या रविवारी, पाहिल्याशिवाय विश्वास ठेवणार नाही म्हणणारा शिष्य थोमा, मग उठलेला येशू दोन शिष्यांना भेटला ती अम्माऊसची वाट, मग तळ्याकाठची न्याहारी. थोमाच्या दिवशी मूल म्हणालं "मलाही खरं वाटत नाही", तर गप्प करू नका. थोमाला कुणी हाकलून दिलं नव्हतं, आठ दिवसांनी तो त्याच घरात सगळ्यांबरोबर होता.