चेट्टिनाडला दोघांनी जायचं तर: आधी वाडा, मग जुन्या वस्तूंचा बाजार

चेट्टिनाड म्हणजे तमिळनाडूतल्या कारैकुडीभोवतीची गावं. तिथे नगरत्तार, म्हणजेच चेट्टियार, व्यापाऱ्यांनी ब्रह्मदेश, मलाया आणि श्रीलंकेत कमावलेल्या पैशातून प्रचंड वाडे उभे केले. त्यातल्या काही वाड्यांत आता राहता येतं, आणि कारैकुडीच्या मुनीश्वरन कोविल स्ट्रीटवर अशाच घरांतून बाहेर पडलेल्या वस्तू विकायला असतात. दोघांसाठी तीन दिवस पुरेसे आहेत, पण क्रम चुकवू नका. पहिला दिवस वाड्याला द्यायचा. घर नीट पाहिलं नसेल तर दुकानातली वस्तू कुठली आणि कशासाठी होती हे कळत नाही, आणि मग दुकानदार सांगेल ते खरं मानावं लागतं.

जायला डिसेंबर अखेर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. ऑक्टोबर-नोव्हेंबरात ईशान्य मान्सूनचा पाऊस असतो, एप्रिल-मेमध्ये ऊन सोसवत नाही. जानेवारीच्या मध्यावर पोंगल येतो. तेव्हा दुकानं बंद मिळू शकतात, म्हणून ते दिवस टाळा. मुंबईकरांना विमानाने मदुराई किंवा तिरुचिरापल्ली गाठून पुढे टॅक्सी करणं सोपं. दोन्हीकडून अंतर साधारण नव्वद किलोमीटर, वेळ दोन तास. टॅक्सी मुक्कामभर ठेवा, कारण गावं विखुरलेली आहेत.

मुक्कामाची जागा निवडताना एकच प्रश्न विचारा: बाजार जवळ हवा की गावाची शांतता? बाजार हवा असेल तर कारैकुडीतलं ‘द बंगला’. केळीच्या पानावरच्या जेवणासाठी ते प्रसिद्ध आहे. बाहेरून फक्त जेवायला जाणार असाल तर आधी कळवावं लागतं. शांतता हवी तर कानाडुकात्तानचं ‘विशालम’. मुलीसाठी बांधलेलं हे घर आर्ट डेको, म्हणजे भौमितिक रेषांच्या शैलीच्या, वळणाचं आहे. कडियापट्टीचं ‘चिदंबर विलास’ थोडं आडबाजूला, पण जुन्या वाड्याचा पूर्ण थाट तिथे दिसतो. बुकिंग करताना खोली चौकाकडे उघडते की मागच्या नव्या बांधकामात आहे, हे विचारून घ्या. जिन्यांच्या पायऱ्या उंच आणि उंबरे मोठे असतात. गुडघ्यांचा त्रास असेल तर तळमजलाच मागा.

पोचल्यावर दुपारी सगळं घर पुढून मागे चालत बघा. पुढे ओटा, मग व्यवहाराची बैठक, मग खांबांचा चौक आणि त्याभोवती कोठारासारख्या खोल्या, त्यामागे जेवणाचा भाग आणि शेवटी स्वयंपाकघर. खांब बहुधा ब्रह्मी सागाचे. भिंतीवरून हात फिरवला तर गार, गुळगुळीत लागते. चुन्याच्या गिलाव्यात अंड्याचा पांढरा बलक आणि हिरडा घालत. पायाखालच्या रंगीत फरशा अत्तंगुडी गावच्या. काचेवर साचा ठेवून रंग ओततात, वर सिमेंट आणि तिथली वाळू दाबतात, पाण्यात मुरवतात. भट्टी लागतच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी अत्तंगुडीत हे काम बघा आणि मग बाजारात जा.

बरोबर मोजपट्टी, लहान टॉर्च, लोहचुंबक आणि दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या. आपल्या घरातल्या भिंतीची आणि कोनाड्याची मापं लिहून न्या. दुकानात दोघांनी वेगवेगळं फिरावं, आपापल्या तीन वस्तू मनाशी ठरवाव्यात आणि बाहेर चहा घेताना पडताळून पाहाव्यात. दोघांच्या यादीत जी आली, तिच्यासाठीच परत आत जाऊन घासाघीस करा.

एनॅमलचे, म्हणजे लोखंडी पत्र्यावर काचेसारखा रंगीत थर चढवलेले, डबे आणि ताटल्या इथे भरपूर. बुडाशी शिक्का बघा. ‘चेकोस्लोव्हाकिया’ असेल तर वस्तू 1918 नंतरची, कारण त्याआधी तो देशच नव्हता. कडेचा टवका उडाला की आतलं लोखंड गंजतं. टवका छोटा असेल तर शोभेला चालेल, पण जुन्या लाल-पिवळ्या एनॅमलमध्ये अन्न ठेवू नका. पितळेला चुंबक चिकटलं तर आत लोखंड आहे. नव्या पितळेला रसायनाने काळं करतात. तो काळेपणा सगळीकडे सारखा दिसतो. वापरातलं भांडं मात्र बूड, काठ आणि कडी इथेच झिजतं. मालकाची आद्याक्षरं कोरलेली भांडी आवर्जून शोधा, आपल्याकडेही भांड्यांवर नावं घालतातच.

रवि वर्म्यांच्या छापील चित्रांत फसवणूक सर्वाधिक. त्यांचा छापखाना 1894 मध्ये गिरगावात सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला, त्यामुळे मराठी माणूस या चित्रांपाशी हमखास थांबतो. भिंग लावा. ठिपके एकसारख्या जाळीत दिसले तर ती अलीकडची ऑफसेट प्रत. जुनी चित्रं शिळाछापाची, म्हणजे दगडावरून छापलेली. त्यांत ठिपके अनियमित, दाणेदार असतात. चौकट उलटी करायला सांगा. मागचा पुठ्ठा कोरा आणि खिळे चकचकीत असतील तर निदान चौकट तरी नवी आहे.

दारं, खांब आणि कोरीव तुळया घेऊ नका. त्या पाडलेल्या वाड्यांतून येतात, आणि मागणी वाढली की आणखी एक वाडा पाडणं परवडू लागतं. मूर्ती तर मुळीच नको. 1972 च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी वस्तू देशाबाहेर नेता येत नाही, मूर्ती आणि चित्रांसारख्या वस्तूंची नोंदणीही लागते. हस्तिदंताचा व्यापार बंद आहे. परदेशात राहणाऱ्यांनी जुनाट दिसणारी वस्तू नेण्याआधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती पुरावस्तू नसल्याचा दाखला घ्यावा. पक्की पावती, तीवर वस्तूचं वर्णन आणि अंदाजे वय, हे सगळ्यांनीच मागावं.

चित्र विमानाने आणायचं तर काच तिथेच काढून टाका, घरी नवी बसवता येते. डबे एकात एक घालताना मध्ये कापड भरा. एनॅमल एनॅमलवर घासलं की टवके उडतात. लाकडी वस्तूच्या भोकांतून ताजी भुकटी पडत असेल तर कीड जिवंत आहे, ती वस्तू कितीही स्वस्त असली तरी घरी आणू नका.