जीवघेण्या टीव्ही गेमची शॉर्टफिल्म घरच्या घरी कशी करावी

स्क्रिप्ट लिहायच्या आधी भंगारवाल्याकडे एक चक्कर मारा. डब्बा टीव्ही आणायचाय, मागे कुबड असलेला, काचेच्या पिक्चर ट्यूबचा. कॅमेरा, नट, लाइट हे सगळं नंतर जमतं. टीव्ही चुकला की पुढचं सगळं चुकतं, हे मी एक अख्खी रात्र वाया घालवून शिकले.

गेल्या मे महिन्यात मिरजेला, माहेरी, आम्ही अकरा मिनिटांची हॉरर शॉर्टफिल्म केली. गोष्ट अशी की माळ्यावर जुना टीव्ही गेम आणि एक बिनलेबलची कॅसेट सापडते, आणि त्या गेममध्ये जो मरतो तो घरातही मरतो. नट म्हणजे माझा पंधरा वर्षांचा भाचा आणि त्याची अकरा वर्षांची बहीण. कॅमेरा म्हणजे माझा फोन. आणि सल्लागार आप्पा, माझे वडील. त्यांचं बत्तीस वर्षं टीव्ही रिपेअरिंगचं दुकान होतं. पहिल्या रात्री आम्ही हॉलमधल्या ४३ इंची एलईडीवर शूट केलं. सकाळी फुटेज पाहिलं, तर पोरगा भुताला घाबरलाय असं वाटेचना, ऑनलाइन सेलमध्ये बूट बघतोय असं वाटत होतं. आप्पा चहा पिता पिता म्हणाले, "अगं, ह्या टीव्हीतच जीव नाही, तो दुसऱ्याचा काय घेणार?"

मग २१ इंची डब्बा आणला, तीनशे रुपयांत. वजन वीस किलोच्या वर असतं, दोघं लागतात. घेताना पिवळी आणि पांढरी एव्हीची भोकं (बाहेरून चित्र आणि आवाज आत द्यायची) आहेत ना ते बघा, आणि तिथेच चालू करून बघा. रंगीत टीव्ही सुरू होताना आतून 'धप्प' असा आवाज येतो, तो आला पाहिजे. आप्पांची आणखी एक परीक्षा आहे. ते हाताच्या पाठीवरचे केस काचेजवळ नेतात. केस उभे राहिले, चरचरले, की ट्यूबला हाय व्होल्टेज मिळतंय. हा शॉट आम्ही फिल्ममध्ये जसाच्या तसा घेतला. बहीण स्क्रीनजवळ हात नेते, केस उभे राहतात, क्लोजअप. खर्च शून्य.

टीव्हीचं मागचं झाकण मात्र उघडायचं नाही. ट्यूबला वीस-पंचवीस हजार व्होल्ट लागतात आणि प्लग काढला तरी तो चार्ज आत बसून राहतो. मी धूळ झटकायला स्क्रू ड्रायव्हर घेतला तेव्हा आप्पा आयुष्यात पहिल्यांदा माझ्यावर ओरडले असतील.

आता नियम. या जातीच्या सिनेमात भूत दुय्यम, नियम मुख्य. १९८३ च्या 'नाइटमेअर्स'मध्ये चार गोष्टींपैकी एक एमिलिओ एस्तेवेझची आहे. त्याला आर्केडमधल्या, म्हणजे गेम पार्लरमधल्या, एका गेमची तेरावी लेव्हल गाठायचीच असते. २००६ च्या 'स्टे अलाइव्ह'मध्ये गेममध्ये जसे मराल तसेच बाहेर मराल. आपल्याकडे अश्विन सरवणन यांच्या २०१९ च्या 'गेम ओव्हर'मध्ये तापसी पन्नूला गेमसारख्या तीन लाइफ आहेत. तिन्हींचा नियम एका दमात सांगून होतो. माझ्या पहिल्या मसुद्यात अमावस्या होती, रक्ताचा थेंब होता, शिवाय खेळणाऱ्याचं नाव उलटं लिहायचं होतं. भाच्याला ऐकवलं तर त्याने तीन प्रश्न विचारले आणि जांभई दिली. तुमच्या घरातल्या सगळ्यात कंटाळखोर पोराला नियम सांगा. त्याने प्रश्न विचारला तर परत लिहा.

नियम शोधायला लांब जायची गरज नाही, यंत्र स्वतः काय करतं ते बघा. आमच्या लहानपणी गेमसोबत प्लॅस्टिकची बंदूक मिळायची, बदकं मारायला. त्या बंदुकीतून काहीच सुटत नाही. तिच्या नळीत प्रकाश ओळखणारा एक बारका डोळा असतो. ट्रिगर दाबला की गेम क्षणभर अख्खी स्क्रीन काळी करतो, आणि लगेच बदकाच्या जागी एक पांढरा चौकोन दाखवतो. डोळ्याला आधी काळं आणि मग पांढरं दिसलं तर बदक पडतं. म्हणजे बंदूक मारत नाही, बघते. लहानपणी स्क्रीन चमकायची ती यामुळे, हे मला चाळिशीत कळलं. नव्या एलईडीवर ती जुनी बंदूक चालतच नाही, कारण चित्र उमटायला उशीर होतो आणि बंदुकीची वेळ चुकते.

हे आप्पांनी सांगितलं त्या मिनिटाला नियम सापडला. आमच्या गेममध्ये ट्रिगर दाबला की पांढरा चौकोन कधी कधी स्क्रीनवर येतच नाही. तो शोकेसवर पडतो. मग भिंतीवरच्या आजोबांच्या फोटोवर. मग पाठमोऱ्या बहिणीच्या फ्रॉकवर. ज्याच्यावर चौकोन पडला तो गेला. भाच्याने एकही प्रश्न विचारला नाही, फक्त विचारलं, "मावशी, बंदूक खाली ठेवता येते का?" येत नाही, असं मी तिथेच ठरवलं.

चौकोन पाडायला प्रोजेक्टर नको. पुठ्ठ्याला चौकोनी भोक पाडा आणि मागून फोनचा फ्लॅश मारा. पुठ्ठा दिव्याजवळ धरला तर कडा पुसट येतात. ज्याच्यावर चौकोन पाडायचाय त्याच्या जवळ धरा आणि दिवा लांब न्या, कडा सुरीसारख्या येतील. खरं तर हा प्रकार स्क्रीनवर सेकंदाच्या पन्नासाव्या भागात आटपतो. फिल्ममध्ये एवढा वेळ ठेवलात तर कुणाला दिसणार नाही. आम्ही तीन फ्रेम ठेवला (सेकंदाला २५ फ्रेम धरून). पाच ठेवल्यावर तो टॉर्च वाटायला लागला.

दुसरी आयती गोष्ट म्हणजे फुंकर. कॅसेट लागली नाही की आपण सगळेच तिच्या दातांवर फुंकर मारायचो. आप्पांच्या मते फुंकरीचा उपयोग नव्हताच. कॅसेट काढून परत नीट बसली की चालू व्हायची, आणि तोंडातल्या ओलाव्याने पिना गंजायच्या त्या वेगळ्याच. पण आपल्याकडे आजी लागलेल्या गुडघ्यावर फुंकर मारते, मांत्रिकही फुंकर मारतो. कॅमेरा कॅसेटच्या आतून बघतोय असा शॉट लावा, तोंड जवळ येतं, फुंकर, अंधार. आमच्या फिल्ममध्ये मंत्र नाही, लिंबू-मिरची नाही, एवढी फुंकरच आहे.

गेम स्वतः बनवा. बाजारातल्या कुठल्याही गेमचं चित्र किंवा संगीत उचलू नका, हक्काची भानगड होते आणि प्रेक्षकही ते ओळखून हसतो. चालणारा गेम लागतच नाही, गेमचा व्हिडिओ पुरतो. पिस्केल ही फुकटची साइट ब्राउझरमध्ये उघडा आणि २५६ बाय २४० च्या चौकटीत काढा, जुन्या आठ बिटच्या गेमचं चित्र तेवढंच असायचं. रंग मोजके घ्या. आवाजासाठी बीपबॉक्स, तेही फुकट. दोन टूंटूं, एक जाड घुमणारा आणि एक खरखर, एवढंच ठेवा. आमचा मेनू मी 'शंभर इन वन' कॅसेटसारखा केला, तीच सहा नावं फिरून फिरून. फक्त ६७ नंबरला भाचीचं खरं नाव. बघणाऱ्यांपैकी अर्ध्यांना ते दिसलं नाही, उरलेल्यांनी व्हिडिओ मागे नेऊन पाहिला. लाइफचे आकडे कोपऱ्याला चिकटवू नका. डब्बा टीव्ही चित्राच्या चारी कडा खातो.

लॅपटॉपवरचा हा व्हिडिओ टीव्हीवर न्यायला एक छोटी डबी मिळते. ती 'एचडीएमआय टू एव्ही' मागा. मी घाईत 'एव्ही टू एचडीएमआय' आणली. दिसायला जुळी बहीण, काम बरोबर उलटं, आणि रविवारी दुकान बंद. डबीच्या बाजूला पाल (PAL) आणि एनटीएससी असं बारकं बटण असतं. या टीव्हीच्या चित्राच्या दोन पद्धती, आपल्या टीव्हींची पाल, म्हणून ते पालवर ठेवा.

यामागचं कारण नीट समजून घ्या, कारण फोनवर टीव्ही शूट करताना जे काळे पट्टे वर सरकत जातात त्यांचा उपाय यातच आहे. पाल पद्धतीत टीव्ही सेकंदाला ५० वेळा स्क्रीन झाडतो, एकदा एकाआड एक ओळी आणि पुढच्या वेळी उरलेल्या. फोन बहुधा सेकंदाला ३० फ्रेमवर आणि मनाला येईल त्या शटरवर (एका फ्रेमसाठी उजेड आत घ्यायचा वेळ) चालतो. दोघांचे पाय जुळत नाहीत, म्हणून पट्टे. फोन २५ फ्रेमवर आणि शटर १/५० वर लॉक करा. फोनच्या कॅमेऱ्यात ही सोय नसेल तर ब्लॅकमॅजिक कॅमेरा हे फुकटचं ॲप घ्या. तरी एखादी रेघ उरली तर १/२५ करून बघा. आपली वीजही ५० हर्ट्झची, त्यामुळे खोलीतली ट्यूबलाइटसुद्धा याच आकड्यावर शांत बसते. एक्स्पोजर, म्हणजे चित्र किती उजळ घ्यायचं तेही लॉक करा, नाहीतर पांढरा चौकोन आला की फोन घाबरून अख्खं चित्र काळं करतो.

टीव्हीची फुगीर काच आरशासारखी असते. आमच्या पहिल्या शॉटमध्ये भूत नव्हतं, नाइटी घातलेली मी होते. काळी चादर पांघरा, फोनसुद्धा चादरीच्या भोकातून बाहेर काढा आणि थोडं तिरकं उभं राहा. नटाच्या तोंडावर टीव्हीचा उजेड पुरत नाही. तोच गेमचा व्हिडिओ दुसऱ्या फोनवर फुल ब्राइटनेसने लावा आणि चेहऱ्यापासून हातभर अंतरावर, फ्रेमच्या बाहेर धरा. रंग आणि लुकलुक आपोआप जुळतात. खोलीत मागे एक पिवळा बल्ब असू द्या, म्हणजे निळसर चेहरा उठून येतो.

चित्र बिघडवायला एडिटिंग नको, लोहचुंबक आणा. जुन्या स्पीकरचा चुंबक काचेपासून वीतभर अंतरावर फिरवला की रंग वितळतात, सरळ रेघा वाकतात, गेममधला माणूस हिरवा-जांभळा होऊन एका बाजूला ओढला जातो. बघताना माझ्याच अंगावर काटा आला. पण फार जवळ नेऊ नका, ट्यूबमधली जाळी चुंबकित होते आणि डाग राहून जातो. सुरुवातीचा तो 'धप्प' म्हणजे टीव्ही स्वतःची ही चुंबकी उतरवतो त्याचा आवाज. डाग पडला तर टीव्ही बंद करून अर्धा तास थंड होऊ द्या आणि मग लावा. लगेच लावलात तर तो 'धप्प' येतच नाही. आमचा डाग तिसऱ्या खेपेला गेला, तोवर आप्पा "बघ, बघ" एवढंच म्हणत होते.

आवाजाचं गुपित भाचीने दिलं. दुसऱ्या रात्री जेवताना ती म्हणाली, "टीव्ही चालू राहिलाय." स्क्रीन काळी होती, आवाज बंद. आप्पांना काही ऐकू येईना, मलाही नाही. जाऊन पाहिलं, तर खरंच चालू. पाल टीव्ही एका फ्रेममध्ये ६२५ ओळी आखतो, सेकंदाला २५ फ्रेम, म्हणजे १५,६२५ हर्ट्झची एक बारीक शिट्टी. पोरांना ती ऐकू येते, वय वाढलं की तो कान जातो. त्याच रात्री सीन बदलला. बहिणीला शिट्टी ऐकू येते, आजोबांना नाही, आणि ती सांगत राहते की गेम अजून चालू आहे. पण खरी शिट्टी फिल्ममध्ये घालू नका, फोनच्या स्पीकरवर ती अर्ध्या लोकांपर्यंत पोचणारही नाही. आम्ही ९,००० हर्ट्झचा सूर घेतला, अगदी हळू, आणि बहीण फ्रेममध्ये असतानाच. ती फ्रेमबाहेर गेली की एकदम कापला. लोक त्या शांततेला दचकतात.

चमक मात्र जपून. सेकंदाला तीनपेक्षा जास्त झगमगाट नको, लाल तर नकोच. १६ डिसेंबर १९९७ ला जपानमध्ये 'पोकेमॉन'च्या एका भागात लाल-निळा झगमगाट झाला आणि सहाशेहून जास्त जणांना, बहुतेक मुलांना, हॉस्पिटलात न्यावं लागलं. फिल्मच्या सुरुवातीला इशाऱ्याची पाटी टाका. माझ्या भावजयीने विचारलं, "एवढी भीती दाखवायचीच आहे तर इशारा कशाला?" भीती वेगळी आणि फिट वेगळी, वहिनी.

शेवटी टीव्ही फोडायचा मोह सगळ्यांनाच होतो. ट्यूबच्या आत निर्वात पोकळी असते, फुटली की काच आधी आत आणि मग चौफेर उडते, आणि त्या काचेत शिसं असतं. आम्ही फक्त प्लग ओढला. चित्र आक्रसून मधोमध एक ठिपका उरला, आणि तो विझेपर्यंत मी कट म्हटलं नाही. सगळ्याच टीव्हींना असा ठिपका येत नाही, तेव्हा घेतानाच बंद करूनही बघा.

शूट झाल्यावर भंगारवाल्याला फोन केला. तो म्हणाला, दोनशे देतो. आप्पांनी दार लावून घेतलं. टीव्ही आता त्यांच्या खोलीत आहे, आणि रात्री जेवणं झाली की भाची येऊन सांगते, आजोबा, तुम्ही बंद करायला विसरलात.