घरच्या बुटांच्या कारखान्याचा इतिहास लिहायला बसाल तेव्हा

आमचा कारखाना पुण्यात, नाना पेठेत होता. कारखाना म्हणजे दोन खोल्या, वर पोटमाळा, चार शिलाई मशिनं आणि दहा-बारा माणसं. आजोबांनी सुरू केला, वडील आणि काकांनी चालवला, आणि बंद झाला तेव्हा सामान काढायला मी गेले. पुढची दोन वर्षं मी त्याचा इतिहास लिहीत होते. तुमच्या घरचा धंदा बुटांचा नसेल, छापखाना असेल, बेकरी असेल, तरी हे उपयोगी पडेल.

आधी रद्दीवाल्याला थांबवा. माळ्यावरचं काहीही, अगदी फाटकं बिलबुकसुद्धा, महिनाभर हलू देऊ नका.

लिखाणाची सुरुवात आजोबांच्या तसबिरीपासून करू नका. मी केली होती. कष्टाळू, शिस्तीचे, शब्दाला पक्के, अशी चार पानं झाली, आणि वाचल्यावर ती कुणाच्याही आजोबांची वाटली. मग मी फर्म्यांकडे वळले. फर्मा म्हणजे ज्यावर बूट चढवतात तो लाकडी पाय. पोतंभर फर्म्यांत एक उजव्या पायाचा आठ नंबरचा निघाला. अंगठ्याच्या मुळाशी चामड्याचे तीन तुकडे एकावर एक चुकांनी, म्हणजे बारीक खिळ्यांनी, ठोकलेले, कडा रापीने, म्हणजे चामडं कापायच्या हत्याराने, तासून कागदासारख्या पातळ केलेल्या. काकांनी हातात घेतला आणि लगेच म्हणाले, ‘‘ह्यांच्या पायाला हाड आलं होतं. दर खेपेला गाठ वाढलेली असायची. दादा पाय मापायचे आणि एक तुकडा चढवायचे.’’ तीन तुकडे म्हणजे एका माणसाचे तीन जोड, आणि तेवढी वर्षं. शिस्त वगैरे शब्द मला पुन्हा लागले नाहीत.

म्हणून प्रत्येक वस्तूचा फोटो काढा आणि ती त्या कामातल्या माणसाच्या हातात द्या. ‘तुमच्या आठवणी सांगा’ म्हटलं की माणसं भाषण करतात. रापी हातात दिली की बोटं आपोआप वळतात आणि बोलणं सुरू होतं. विचारायचं ते साधं: दिवसाला किती जोड निघायचे? टाच कोण बसवायचं? दिवाळीच्या आधी रात्रपाळी कशी लागायची? मोबाइलवर रेकॉर्ड करा, पण परवानगी घेऊन, आणि घरी आल्यावर त्याच रात्री उतरवून काढा.

कागदांवर तारीख नसते तेव्हा खुणा बघा. हिशेब आण्यांत असेल तर तो साधारण १ एप्रिल १९५७ च्या आधीचा; जुनी सवय आणखी काही काळ चालली, तेवढी मुभा ठेवा. ‘न. पै.’ म्हणजे नवे पैसे असतील तर १९५७ ते १९६४ च्या मधला, कारण १ जून १९६४ पासून ‘नवे’ गेलं. पत्त्यात सहा आकडी पिन कोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचा. पिन कोडऐवजी नुसता जुना विभाग क्रमांक, ‘पुणे २’ असा, असेल तर मात्र घाई नको. छापलेली लेटरहेडं लोक संपेपर्यंत वापरतात. जागेसाठी सिटी सर्व्हेच्या कार्यालयातून मालमत्ता पत्रकाचा उतारा काढा, नावं कधी बदलली ते त्यावर दिसतं.

आमच्या वह्या घरी, कसब्यात, तळमजल्यावरच्या लाकडी पेटीत असायच्या. १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं आणि पुरात सगळ्या गेल्या. मला वाटलं, आधीचं काही मिळणार नाही. पण पुरानंतरच्या पहिल्या वहीचं पहिलं पान बघा म्हणून मी आता सगळ्यांना सांगते. वर ‘श्री’, खाली कारागिरांची नावं, प्रत्येकापुढे उचलीची रक्कम, आणि त्यापुढे बारीक अक्षरात ‘तोंडी’. वही वाहून गेली होती, उचल बुडवणं कुणालाही सोपं होतं. त्या माणसांनी येऊन आपापली बाकी स्वतः सांगितली होती. त्यातल्या कितीजणांची घरंही पुरात गेली असतील! त्या पानासाठी मी एक अख्खं प्रकरण दिलं. पण उचल म्हणजे कर्ज. नावं छापण्याआधी त्यांच्या मुलांना पान दाखवा आणि नको म्हणाले तर नाव गाळा.

वहीत जे नाही तेही शोधा. आमच्या मजुरीच्या हिशेबात आजीचं नाव कुठेच नाही. तळ चिकटवायची खळ मात्र तीच शिजवायची: मैदा, पाणी, बुरशी धरू नये म्हणून चिमूटभर मोरचूद. त्यासाठी वेगळं पातेलं होतं आणि त्याला घरात कुणी हात लावत नसे. रोज पहाटे हे काम, आणि मजुरी शून्य. मी ते प्रमाणासकट लिहिलं.

अवघड प्रश्न टाळू नका. दुकानाच्या पाटीवर आमचं आडनाव नव्हतं, नुसतं ‘शू मेकर्स’ होतं. आत भिंतीवर संत रोहिदासांची तसबीर, बाहेर आडनाव नाही. वडिलांना विचारलं तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, ‘‘जात कळली की घासाघीस वाढायची.’’ हे वाक्य पुस्तकात राहू द्यायला ते तयार व्हायला चार महिने लागले. तेवढे महिने द्या. भाऊबंदकीचंही तसंच: दोघांशी वेगवेगळं बोला, दोघांचं म्हणणं लिहा, न्याय करायला बसू नका.

कारखाना का बंद पडला, हे लिहिताना एकच कारण देऊ नका. आमच्याकडे चिकटवलेल्या तळाचे स्वस्त बूट आले, जुने कारागीर थकले, आणि शिकायला नवं पोर येईना. तिन्ही एकाच दशकात.

जपणुकीचं थोडक्यात: फोटोच्या मागे पेन्सिलीने लिहा, बॉलपेनने नको. जुन्या कागदाला चिकटपट्टी लावू नका, लॅमिनेशन तर मुळीच नको. चामड्याचे नमुने प्लॅस्टिकच्या पिशवीत घातले की बुरशी धरते. धुतलेल्या सुती धोतराच्या तुकड्यात गुंडाळा.

छपाई झाल्यावर पहिल्या प्रती ‘तोंडी’च्या यादीतल्या घरी पोचवा. माझ्या अजून दोन राहिल्यात. एक कुटुंब हडपसरला गेलंय एवढंच कळलंय, दुसऱ्याचा शोध चालू आहे.