नक्षीवर जाऊ नका: जुन्या म्युझिक बॉक्सचं मूळ शोधताना या चुका टाळा

सर्वांत जुनी चूक म्हणजे बाहेरच्या लाकडावरून देश ठरवणं. पेटी एकीकडची आणि आतलं यंत्र दुसरीकडचं, हा या धंद्यातला अपवाद नव्हे, रोजचा मामला आहे. इटलीतल्या सोरेंतोच्या जडावकामाच्या पेट्या घ्या. वर लाकडाच्या रंगीत तुकड्यांची सुरेख फुलं, म्हणून लोक बेधडक "इटालियन म्युझिक बॉक्स" म्हणून मोकळे होतात. झाकण उघडलं की आत बऱ्याचदा स्वित्झर्लंडच्या रूज कंपनीचं यंत्र निघतं. मग मूळ कुठलं? उत्तर दोन ओळींत द्यायचं: पेटी सोरेंतोची, यंत्र स्विस. एकाच ओळीत बसवायची घाई झालेल्यांनी हा नाद सोडावा.

कोरीव अस्वलं आणि पानवेली दिसल्या की "ब्लॅक फॉरेस्ट, जर्मनी" असं लिहून टाकतात, विक्रेतेसुद्धा. त्या शैलीचं बरंचसं काम स्वित्झर्लंडमधल्या ब्रिएन्झ आणि आसपासच्या कारागिरांचं आहे. उलट खरोखर ब्लॅक फॉरेस्टमध्ये, ट्रीबर्गला, कार्ल ग्रीसबाउमच्या कारखान्यात गाणाऱ्या पक्ष्यांच्या डब्या बनत. त्या बऱ्याचदा धातूच्या असतात, त्यामुळे त्या बघून कुणाला ब्लॅक फॉरेस्ट आठवतच नाही!

मी आधी झाकण उघडतो, टॉर्च तिरका धरतो आणि पोलादी कंगवा बघतो, म्हणजे जिचे दाते छेडले की सूर निघतात ती पट्टी. लांब, जाड दाते खर्जाचे. स्विस यंत्रात ते डावीकडे असतात. व्हिएन्ना आणि प्रागच्या यंत्रांत उजवीकडे. एवढ्या एका नजरेत अर्धा नकाशा बाद होतो. मग कंगवा ज्यावर बसवलेला असतो त्या तळपट्टीवर ठोकलेले आकडे-अक्षरं शोधायची. घासूनपुसून चकाचक करू नका. पुसट ठसे पॉलिशनेच जातात.

फ्रेंच अक्षरं म्हणजे फ्रान्स, हा दुसरा गैरसमज. जिनिव्हा आणि सँत-क्रुआ, म्हणजे स्विस उद्योगाची दोन मोठी केंद्रं, फ्रेंच बोलणारीच. निकोल फ्रेर हे नाव कितीही पॅरिसचं वाटलं तरी कंपनी जिनिव्हाची. फ्रान्समधला मोठा कारखाना म्हणजे सँत-स्यूझानचा लेपे, तिथे 1839 पासून काम चालू होतं. त्याची यंत्रं स्विस यंत्रांसारखीच दिसतात, म्हणून तिथे अंदाज न ठोकता खुणा जुळवाव्या लागतात. झाकणाच्या आतल्या कार्डावर दुकानाचं नाव असेल तर ते विकणाऱ्याचं असू शकतं, बनवणाऱ्याचं असेलच असं नाही.

त्या कार्डाचा खरा उपयोग काळ ठरवायला होतो. त्यावरच्या गाण्यांच्या यादीत 'ला त्राव्हिआता'मधली चाल असेल तर त्या पेटीचा सिलिंडर, म्हणजे कंगव्याचे दाते छेडणाऱ्या पिनांचं फिरतं नळकांडं, 1853 च्या आधीचा असूच शकत नाही, कारण ऑपेराच तेव्हा रंगमंचावर आला. कार्डावरचा हाताने लिहिलेला आकडा मात्र लगेच अनुक्रमांक समजू नका. तो गाण्यांच्या संचाचा क्रमांकही असू शकतो.

आता ज्या चुकीने माझं डोकं फिरतं ती. एका ओळखीच्या गृहस्थांकडे मोठी सिलिंडरची पेटी आली. चावी भरलेली, पण यंत्र अडकलेलं. त्यांना वाटलं, कारखान्याचा शिक्का गव्हर्नरखाली दडलेला असणार. गव्हर्नर म्हणजे छोट्या पंख्याचा तो भाग, जो सिलिंडरचा वेग आवरतो. त्यांनी त्याचे स्क्रू काढले. स्प्रिंगमध्ये सगळा जोर शिल्लक होता आणि तो आवरणारं आता काही उरलं नव्हतं. सिलिंडर भर्रकन फिरला, पत्रा फाडल्यासारखा आवाज झाला आणि क्षणात सगळं शांत. मी बघितलं तेव्हा पिना गवतासारख्या एका बाजूला झोपल्या होत्या आणि कंगव्याचे तुटलेले दाते पेटीच्या तळाशी पडले होते. हवा असलेला क्रमांक तळपट्टीवरच होता, उघड्या डोळ्यांना दिसणारा.

अडकलेली पेटी म्हणजे थंड पडलेली पेटी नव्हे. जोर आत कोंडलेला असतो. मूळ शोधायला सहसा एकही स्क्रू काढावा लागत नाही, आणि जिथे लागेल तिथे आधी स्प्रिंगचा जोर उतरवणारा जाणकार हवा. "यूट्यूबवर बघून केलं" हे वाक्य ऐकलं की मी पुढचं विचारत नाही. चालू पेटी हलवायची असेल तर गाणं संपून ती आपोआप थांबू द्या. मध्येच थांबवलेल्या पेटीत पिना दात्यांना टेकलेल्या असतात आणि धक्का बसला की दोन्हींचं नुकसान.

बाकीच्या चुका पटकन.

"1750 ची आहे" म्हणणाऱ्यांसाठी: पोलादी दाते छेडून वाजणाऱ्या यंत्राचा शोध जिनिव्हाच्या आंत्वान फाव्र या घड्याळजीच्या नावावर आहे, साल 1796.

सिलिंडरऐवजी भोकांची धातूची तबकडी असेल तर आधी तबकडीवरचं नाव वाचा. सिम्फोनियन आणि पॉलिफोन जर्मनीतल्या लाइपझिगचे. 1892 मध्ये सुरू झालेली रेजिना अमेरिकेत न्यू जर्सीची. तबकड्या मागाहूनही आणल्या जातात, म्हणून ती यंत्रावर नीट बसते का, तेही बघा.

देशाचं नाव इंग्रजीत ठळक छापलेलं असेल तर पेटी बहुधा 1890 नंतरची. अमेरिकेत जाणाऱ्या मालावर मूळ देश लिहिणं तेव्हाच्या जकात कायद्याने सक्तीचं केलं.

आणि यंत्रावर सांक्यो हे नाव दिसलं तर आजीची आजी मध्ये आणू नका. ती जपानी कंपनी 1946 ची आहे.